चेंडू पायाशी आणि नजर प्रशिक्षकाकडे

प्रश्न: तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या एका फुटबॉल संघाला मी गेली चार वर्षे प्रशिक्षण देत आहे. आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास सराव असतो. मैदानावर मांडलेल्या शंकूंमधून चेंडू नेणे, जोडीने पास देणे, ठरावीक जागेवरून गोलवर फटका मारणे हे सर्व मुले सरावात निर्दोषपणे करतात. सामन्यात मात्र मोकळा सहकारी सोडून गर्दीत घुसतात आणि घाईची गरज नसते तिथे चेंडू लांब भिरकावून देतात. सीमारेषेवरून ओरडून माझा घसा बसतो, पण उपयोग होत नाही. मधल्या फळीतील एक मुलगी संघातील सर्वांत हुशार आहे. पण चेंडू पायाशी आला की ती आधी माझ्याकडे पाहते. एक थोराड आणि वेगवान मुलगा आजवर सर्वांना मागे टाकून गोल करत असे. अलीकडे त्याला ते जमेनासे झाले आहे. निर्णयशक्ती जन्मजात असते की शिकवता येते? एक पालक टॅबलेटवरचे ‘मेंदूचे व्यायाम’ सुरू करण्याचा आग्रह धरत आहेत. पाच आठवड्यांनी आमची स्पर्धा आहे. — एक प्रशिक्षक

उत्तर: मधल्या फळीतील त्या मुलीपासून सुरुवात करतो, कारण साऱ्या संघाचे दुखणे तिच्या एका सवयीत एकवटलेले दिसते. चेंडू पायाशी आल्यावर ती आपल्याकडे पाहते, याचा अर्थ तिला निर्णय घेता येत नाही असा नाही. निर्णय घेणे हे तिचे काम नसून आपले आहे, असा धडा ती चार वर्षांत शिकली आहे, आणि हुशार असल्यामुळे इतरांपेक्षा लवकर शिकली आहे. या सवयीची किंमत किती, ते पाहा. समोरचा एकच दिवा लागताच बटण दाबायचे, इतक्या सोप्या कामालाही माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, आणि पर्याय वाढतात तसा हा वेळ वाढत जातो, हे विल्यम हिक यांनी १९५२ साली प्रयोगाने दाखवून दिले. मैदानावर तर तिने आपल्याकडे पाहायचे, आपण परिस्थिती ओळखून ओरडायचे, तिने ते गलक्यातून वेगळे काढून ऐकायचे, पुन्हा मान वळवून तो सहकारी शोधायचा आणि मग पास द्यायचा. यात दीड-दोन सेकंद सहज जातात, आणि या वयाचा धावत येणारा प्रतिस्पर्धी सेकंदाला पाच मीटरच्या आसपास अंतर कापतो. त्यामुळे आपला सल्ला अचूक असला, तरी तो ज्या स्थितीसाठी दिला ती स्थिती तोवर उरलेलीच नसते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या संथ चालतात एवढा तरी दिलासा असतो.

निर्णयशक्ती जन्मजात असते का, या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्वच्छ उत्तर फुटबॉलमधून नव्हे, तर बुद्धिबळातून आले आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खेळाडूंना पटावरची स्थिती केवळ पाच सेकंद दाखवून मग ती आठवून मांडायला सांगितले होते. स्थिती खऱ्या डावातील असली, की निष्णात खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या योग्य जागी मांडत असे. त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून दाखवल्या, की दोघांतील हा फरक जवळजवळ नाहीसा होत असे. निष्णाताची स्मरणशक्ती किंवा दृष्टी मुळातच अलौकिक असती, तर विखुरलेल्या पटावरही तो पुढे राहिला असता. त्याच्याकडे होता तो खऱ्या डावांमधून साठत गेलेल्या आकृतिबंधांचा संग्रह. फ्रॅन अॅलर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८० साली बास्केटबॉलमध्ये हेच आढळले: रचलेल्या हल्ल्याची छायाचित्रे अनुभवी खेळाडूंना इतरांपेक्षा चांगली आठवत, खेळ विस्कळीत झालेल्या क्षणांची मात्र नाही. जन्मजात गुणांचा काहीच वाटा नसतो असे मी म्हणणार नाही. मुलांमुलांत फरक असतो आणि तो चार वर्षे जवळून पाहिलेल्या आपणास मी सांगावा असेही नाही. परंतु आपल्या संघाला आज जे अडते आहे, ते साठ्याच्या अभावी अडते आहे, आणि साठा करता येतो.

तो कशातून होतो, हा खरा प्रश्न आहे, आणि येथे आपल्या सरावाविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. शंकूला हेतू नसतो. तो कोणत्या बाजूला झुकेल, केव्हा पुढे येईल, फसेल की फसवेल यांपैकी काहीही मुलाला वाचावे लागत नाही. चेंडू कोठे न्यायचा हे सराव सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि मुलाने फक्त ते पार पाडायचे असते. दीड तासाच्या सरावात मुलाला किती वेळा काही ठरवावे लागले, हे एकदा वहीत मोजून पाहा. मीही अनेक वर्षे शंकू मांडले आहेत आणि ते सरळ रेषेत उभे दिसले की सराव उत्तम झाल्याचे समाधानही मानले आहे, म्हणून हे सांगताना मला स्वतःलाही थोडे ओशाळे वाटते. आपली मुले सरावात निर्दोष असतात, हे आपण त्यांच्या बाजूने लिहिले आहे. मला मात्र तेच लक्षण काळजीचे वाटते. एकच गोष्ट सलग पुन्हापुन्हा केली, की ती त्या दिवशी झपाट्याने सुधारल्यासारखी दिसते. परंतु जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली दाखवले, की निरनिराळी कामे सरमिसळ करून सराव करणारे सरावात मागे पडतात आणि काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत पुढे जातात. पुढे बॅडमिंटनच्या सर्व्हिसवर झालेल्या १९८६ च्या प्रयोगातही असेच दिसले. ज्या सरावात मुले चुकत नाहीत, त्या सरावात त्यांना काही ठरवावेही लागत नसावे, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

चेंडूवरचा ताबाच नसेल तर निर्णय घेऊन करायचे काय, असा आक्षेप आपल्या मनात आला असेल, आणि तो योग्य आहे. ज्याचा पहिलाच स्पर्श दोन मीटर पुढे जातो त्याची नजर चेंडूवरच खिळलेली राहणार. त्याच्याकडे इतरत्र पाहायला डोळे शिल्लकच नसतात. तेव्हा तंत्राला वेळ द्यायचाच आहे. मात्र तंत्र आधी पूर्ण शिकवायचे आणि निर्णय नंतर, हा क्रम मला मान्य नाही. इंग्लंडमधील लफबरो येथे शिकवणारे डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये याच क्रमावर बोट ठेवले होते. शाळेच्या तासाला मुले तंत्राचे तुकडे शिकतात आणि खेळ मात्र त्यांना कळत नाही, असे पाहून त्यांनी आधी सोपा केलेला खेळ द्यावा आणि त्या खेळात ज्या तंत्राची गरज मुलाला स्वतः जाणवेल ते तेव्हा शिकवावे, अशी पद्धत मांडली. आपल्या वयोगटासाठी मी सरावाची पहिली पंधरा-वीस मिनिटे तंत्रासाठी ठेवीन आणि उरलेल्या वेळात मैदानावर विरोधक नाही असा एकही क्षण येऊ देणार नाही.

आता पाहण्याविषयी. आपण ज्यांना चुकीचे निर्णय म्हणता, त्यांतील बहुसंख्य हे निर्णय नसतातच. मुलाने मोकळा सहकारी पाहिला, तोलला आणि नाकारला असे क्वचित घडते. बहुतेक वेळा तो सहकारी त्याच्या जगात अस्तित्वातच नसतो. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधील ११८ खेळाडूंचे चित्रीकरण तपासून २०१३ साली असे मांडले, की चेंडू मिळण्याआधीच्या काही सेकंदांत जे खेळाडू अधिक वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतात त्यांचे पास अधिक प्रमाणात यशस्वी होतात. पाहतो म्हणून खेळाडू चांगला होतो की चांगला आहे म्हणून पाहतो, हे अशा आकड्यांवरून एकदम ठरवता येत नाही. पण निर्णयाचे काम चेंडू येण्याआधी सुरू होते, एवढे त्यातून लक्षात घ्यावे. चेंडू सहकाऱ्याच्या पायातून निघून आपल्या वाटेवर असतो, तो काळ फुकट मिळालेला असतो. आपली मुले त्या काळात चेंडूकडे टक लावून बसतात, आणि तो पायाशी आल्यावर पाहायला सुरुवात करतात, तेव्हा विरोधकही पायाशी आलेला असतो.

यावर ‘मान वर करा, बघा’ असे ओरडणे हा उपाय नाही. त्याने माना फिरतात, डोळे मात्र कोठेच पोहोचत नाहीत. प्रशिक्षकाला बरे वाटावे म्हणून अगदी नियमाने मान हलवणारी मुले मी पाहिली आहेत. काही प्रशिक्षक मुलाच्या पाठीमागे उभे राहून बोटे दाखवतात किंवा रंगीत बिब उंचावतात आणि मुलाला तो आकडा अथवा रंग ओळखायला लावतात. हे निरुपद्रवी आहे, पण सामन्यात कोणी बोटे दाखवत नसते. त्यापेक्षा असे करून पाहा: तीन मुले एका रेषेत उभी करा, पहिल्याने मधल्याला पास द्यायचा, मधल्याची पाठ तिसऱ्याकडे, आणि मधल्याच्या मागे सात-आठ मीटरवर एक बचावपटू. चेंडू निघताच बचावपटूने कधी वेगाने अंगावर यायचे, कधी जागीच थांबायचे. कोणते, ते त्याचे त्याने ठरवायचे. तो आला तर मधल्याने चेंडू एका स्पर्शात परत द्यायचा, थांबला तर वळून तिसऱ्याकडे न्यायचा. चेंडू वाटेत असताना मागे पाहिले नाही, तर मधला हमखास फसतो, आणि फसल्याचे त्याला कोणी सांगावे लागत नाही. दोन दिवसांत मुले आपोआप पाहू लागतात, कारण आता पाहण्यावाचून चालत नाही. तिसऱ्या दिवशी बचावपटूने हूल द्यायला सुरुवात करावी: आल्यासारखे करून थांबायचे. मग केवळ पाहून भागत नाही, वाचावे लागते.

याच विचाराने सरावाचा मोठा भाग लहान खेळांना द्यावा. तीनास तीन किंवा चारास चार अशा खेळात प्रत्येक मुलाकडे चेंडू अनेकदा येतो, आणि चेंडू नसतानाही दूर उभे राहून बघ्याची भूमिका घ्यायची सोय राहत नाही. जर्मन फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून अगदी लहान वयोगटांसाठी दोनास दोन आणि तीनास तीन असे खेळाचे प्रकार देशभर बंधनकारक केले, ते उगाच नव्हे. आपली मुले वयाने त्याहून मोठी आहेत, त्यांचे सामनेही मोठ्या मैदानावर होतात. पण सरावासाठी हे माप त्यांनाही उत्तम लागू पडते. चार जणांचे कडे आणि मध्ये दोघे चेंडू हिसकावणारे, हा रोंडोचा परिचित खेळही चांगला आहे, फक्त त्याला दिशा नसते हे ध्यानात ठेवावे. कोणत्या बाजूला गोल करायचा हेच ठाऊक नसेल, तर सुरक्षित पास आणि चांगला पास यांतील फरक मुलाला कळत नाही.

लहान खेळांना नियम जोडताना मात्र हात राखून जोडावेत, आणि याबाबतीत मी अनेक प्रशिक्षकांशी वाद घालत आलो आहे. कार्ल न्यूवेल यांनी १९८६ मध्ये अशी मांडणी केली, की हालचाल घडते ती खेळाडू, परिसर आणि काम या तिन्हींच्या मर्यादांमधून. त्यातून प्रशिक्षकांनी उचललेला व्यवहार असा, की मैदानाचा आकार, गोलांची संख्या, गुणांची पद्धत बदलली, की न सांगताही मुले वेगळे खेळू लागतात. येथवर उत्तम. पण ‘दोनच स्पर्श करायचे’ असा नियम घातला, की मुलाने चेंडू घेऊन पुढे जावे की पास द्यावा हा प्रश्नच आपण त्याच्याकडून काढून घेतलेला असतो. पास वाढतात, निर्णय कमी होतात. ‘सर्वांनी एकेकदा चेंडू खेळल्याशिवाय गोलवर मारायचे नाही’ हा नियम तर मोकळा गोल समोर असताना मागे पास द्यायला शिकवतो. बंदी घालण्याऐवजी मोल वाढवावे. एका स्पर्शात दिलेल्या पासवरून झालेला गोल दोन गुणांचा धरावा, एकट्याने नेऊन केलेलाही गोलच, पण एका गुणाचा. मग मुलाला दर वेळी तोलून पाहावे लागेल. रुंदी वापरायची सवय लावायची असेल, तर ‘बाजूला पसरा’ असे बजावत बसण्यापेक्षा प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन-दोन छोटे गोल दोन टोकांना ठेवावेत. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, हे मुलांना आठवडाभरात कळते.

आता आपल्या घशाविषयी. डॅनियल सिमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांच्या १९९९ च्या त्या गाजलेल्या प्रयोगात बास्केटबॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातील माणूस दिसला नव्हता. डॅनियल मेमर्ट आणि फिलिप फर्ले यांनी २००७ मध्ये हाच धागा सांघिक खेळांत नेला. विशिष्ट गोष्टीवर लक्ष ठेवण्याच्या सूचनेने बांधलेल्या अनेक खेळाडूंना मोकळा उभा असलेला सहकारी दिसतच नसे. त्या मुलांचे डोळे चांगले होते, हेतूही चांगला होता. सूचनेनेच त्यांची नजर अरुंद केली होती. आपण सीमारेषेवरून ‘त्या सात नंबरला धर’ असे ओरडता तेव्हा मुलगा सात नंबरला धरतो खरा, आणि त्याच क्षणी नऊ नंबर त्याच्या लेखी मैदानातून नाहीसा होतो. मग आपण नऊ नंबरविषयी ओरडता.

म्हणून सामना सुरू असताना चेंडूजवळच्या खेळाडूला काहीही सांगू नये. चेंडूपासून दूर असलेल्याला, खेळ थांबलेला असताना, एखादी माहिती द्यायला हरकत नाही; ‘त्यांचा डावा बचावपटू दमला आहे’ ही माहिती झाली, ‘डावीकडून जा’ हा हुकूम झाला. बोलायचे ते राखीव बाकावर बसलेल्यांशी बोलावे. बाहेर आलेल्या मुलाला दोन मिनिटे पाणी पिऊ द्यावे आणि मग विचारावे, पण कसे विचारायचे याला फार महत्त्व आहे. ‘तिथे पास का नाही दिलास?’ हे प्रश्नचिन्ह लावलेले रागावणे आहे, आणि मुले त्याला ‘चुकलं, सर’ एवढेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘तेव्हा तुला काय काय दिसत होतं?’ असे विचारावे आणि मग गप्प राहावे. उत्तर यायला वेळ लागतो.

या एका प्रश्नाने जे हाती लागते ते तासभराच्या व्याख्यानाने लागत नाही, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या चुका आतून अगदी वेगळ्या असतात. एक मुलगा म्हणेल, ‘उजवीकडे कोणी होतं हे माहीतच नव्हतं’. त्याला पाहण्याचे काम द्यायचे आहे. दुसरा म्हणेल, ‘ती दिसली होती, पण तिथपर्यंत चेंडू पोहोचला नसता’. त्याचा निर्णय कदाचित योग्यच होता, उणीव लांब पासच्या तंत्रात आहे, आणि त्याला ‘डोकं वापर’ म्हणणे हा अन्याय आहे. तिसरी काही वेळ गप्प बसेल आणि मग सांगेल, ‘मागच्या वेळी तसाच पास दिला होता, तो हुकला आणि सगळे ओरडले.’ तिला ना डोळे कमी आहेत ना पाय. तिला भीती आहे, आणि त्या ओरडणाऱ्या सगळ्यांत बहुधा आपणही होतो. तिघांना एकच उपदेश करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

भीतीचा मुद्दा जरा पुढे नेतो. मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टी किक तपासल्या. त्यांतील सुमारे २९ टक्के फटके गोलच्या मधल्या भागात गेले होते, पण गोलरक्षक मध्येच उभे राहिले ते केवळ ६.३ टक्के वेळा. उडी मारून गोल झाला तर निदान प्रयत्न केला असे म्हणतात, उभे राहून झाला तर बघत बसला म्हणतात. गोलरक्षकाला हे ठाऊक असते. आपल्या मुलांनी गरज नसताना चेंडू लांब भिरकावून देण्याचे कारण मला यातच दिसते. लांब मारलेल्या चेंडूला टाळ्या मिळतात, गोलजवळ शांतपणे दिलेला छोटा पास हुकला तर सर्व बाजूंनी हाय हाय होते. मुले टाळ्यांचा हिशेब अचूक ठेवतात. तेव्हा परिणाम आणि निर्णय यांची खाती वेगळी करावीत: निर्णय चांगला होता आणि पास हुकला, तर तसे स्पष्ट शब्दांत, इतरांना ऐकू जाईल असे सांगावे; आणि निर्णय वाईट होता पण नशिबाने गोल झाला, तर टाळी आवरावी. हे दुसरे फार अवघड आहे, मला ते आजही नेहमी जमत नाही.

विचार करायला शिकवायचे म्हणून मुलांना अधिक पर्यायांची यादी करायला मात्र लावू नका. जोसेफ जॉन्सन आणि मार्कुस राब यांनी २००३ मध्ये हँडबॉल खेळणाऱ्या मुलांना चित्रफीत मध्येच थांबवून पुढे काय करता येईल ते विचारले, तेव्हा सर्वांत आधी सुचलेले पर्याय नंतर सुचलेल्यांपेक्षा सरासरीने सरस ठरले. अर्थात, ती खेळात मुरलेली मुले होती. ज्याचा साठाच तोकडा आहे त्याला पहिले सुचेल ते चांगलेच असेल असे नाही. क्रम असा, की सरावात साठा वाढवायचा आणि सामन्यात पहिल्या सुचण्यावर भरवसा ठेवू द्यायचा.

त्या थोराड मुलाविषयी मला सहानुभूती आहे. कॅनडातील आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा असल्याचे रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली दाखवले आणि नंतर अनेक खेळांत तसेच आढळले: वयोगट ठरवणाऱ्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुले गटात वयाने मोठी म्हणून शरीराने पुढे असतात, निवडली जातात, आणि त्यांचे शरीरच सर्व प्रश्न सोडवत राहते. आपल्या मुलाचे नेमके तसेच झालेले दिसते. वेगाने सुटत गेले, म्हणून दुसरे काही शोधावेच लागले नाही, आणि आता इतरांची उंची वाढू लागली आहे. त्याला चेंडू घेऊन जाण्याची बंदी करू नका. समोर एकच बचावपटू आणि मागे मोकळी जागा असेल तेव्हा तोच त्याचा योग्य निर्णय आहे. सरावात त्याला आठवड्यातून एकदा मोठ्या मुलांबरोबर किंवा अरुंद मैदानावर खेळवा, जिथे वेग पुरा पडत नाही. सुरुवातीला तो चिडेल. चिडू द्यावे, बाकावर मात्र बसवू नये.

टॅबलेटविषयी थोडक्यात: अशा खेळांनी मुले त्या खेळांत तरबेज होतात, मैदानावर त्याचा लाभ होतो असे मानण्यास पुरेसा आधार नाही, कारण तिथे ना विरोधक असतो, ना चेंडू, ना पाय. त्या पालकांना दुखवायचे नसेल, तर त्यांच्याकडून सामन्याचे चित्रीकरण करून घ्या. सरावापूर्वी दहा मिनिटे एखादा प्रसंग पास देण्याच्या क्षणी थांबवून ‘आता काय?’ असे विचारणे उपयोगी पडते, मात्र चित्रीकरण दाखवून कोणाची चूक सर्वांसमोर काढू नये.

पाच आठवड्यांत काय होईल, याचीही स्पष्ट कल्पना देतो. पहिले दोन आठवडे सराव गबाळा दिसेल, चुका वाढतील, आणि कुंपणाबाहेर उभे असलेले पालक शंकू कोठे गेले असे विचारतील. त्यांना हे आधीच सांगून ठेवावे. स्पर्धेत कदाचित मागील वर्षापेक्षा एखादा सामना अधिक हराल. तेव्हा गुणफलकाऐवजी दुसरे एक माप हाताशी ठेवा. पुढच्या सामन्यापूर्वी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगा, की आज मी काहीही सांगणार नाही आणि तू काहीही केलेस तरी बाहेर काढणार नाही. मग बाकावर वही घेऊन बसा. चेंडू पायाशी आल्यावर तिने आपल्याकडे किती वेळा पाहिले, त्याची एकेक रेघ ओढत जा, आणि तिने पाहिले तेव्हा आपली नजर वहीत असू द्या. पहिल्या सामन्यात पान रेघांनी भरेल. पाचव्या आठवड्यात किती रेघा उरल्या, ते मला अवश्य कळवा.